आणखी एक खुंटी

बाबा वर्तमानपत्र पसरून पायाची नखं कापत बसले होते. मधेच त्यांनी नेलकटर बाजूला ठेवलं, खिशातलं पेन काढलं आणि वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर इंग्रजी आठाचा आकडा काढला.

"हे बघ. चार खुंट्यांची जमीन. खुंट्यांचा क्रम चुकला की कुंपण असं पिळवटतं. आता याचं क्षेत्रफळ त्याच्या कोडला विचार."

"तुमच्या कोडला, बाबा."

"माझा कुठला? नाव त्याचं आहे."

बाबांनी जन्मभर जमिनी मोजल्या होत्या. निवृत्त झाल्यावर प्रोग्रामिंग शिकले, आणि वेड्यावाकड्या जमिनीचं क्षेत्रफळ काढणारा कोड लिहून तयार कोडच्या एका ऑनलाइन लायब्ररीला पाठवला. कुणीही लिहावी, कुणीही फुकट वापरावी अशी ती लायब्ररी. त्यांची मुलगीही तिथे काम करायची. तिनेच बाबांना तिकडची वाट दाखवली होती. लायब्ररीचा सगळा कारभार एका माणसाच्या हातात होता. सगळे त्याला दादा म्हणत. दादाने बाबांचा कोड 'शैली बसत नाही' म्हणून परत केला, आणि पंधरा दिवसांनी कोडमधली मराठी नावं इंग्रजी करून स्वतःच्या नावावर आत घेतला.

"किती येतं उत्तर?" तिने विचारलं.

"शून्य! एक अर्धं उजवीकडून फिरतं, दुसरं डावीकडून. एकमेकांना खाऊन टाकतात." बाबा खुदकन हसले. "मलाही मागाहून सुचलं. रेघ रेघेला जिथे छेदते, तिथे आणखी एक खुंटी ठोकायची आणि दोन तुकडे वेगळे मोजायचे. त्याने विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण विचारणार कुठल्या तोंडाने?"

"सोडून द्या ना आता."

"सोडलंय की." कागदाची कड फाडून त्यांनी तिच्या हातात दिली. "त्याने तो कोड मिरवला त्या मीटिंगला तू नव्हतीस म्हणून. असतीस तर तिथल्या तिथे सोलून काढलं असतंस त्याला."

ती "हं" म्हणाली आणि नखांसकट कागद गुंडाळू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला निघताना बाबा बुटाची नाडी बांधायला वाकले, ते उठलेच नाहीत.

महिन्याभराने ती बाबांच्या टेबलाशी बसली आणि तिने एक टेस्ट लिहिली. टेस्ट म्हणजे कोडला विचारलेला प्रश्न, ज्याचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक असतं. उत्तर चुकलं की लाल खूण उमटते, आणि लाल खूण असेपर्यंत नवी आवृत्ती बाहेर पडत नाही. आवृत्ती गुरुवारी निघायची होती. तिने सोमवारी सकाळी टेस्ट पाठवली. चार खुंट्या, चुकीचा क्रम, बरोबर उत्तर. खाली लिहिलं, 'दुरुस्ती जोडलेली नाही.'

'किरकोळ आहे,' दादाने सगळ्यांदेखत लिहिलं, 'संध्याकाळपर्यंत करतो,' आणि टेस्ट आत घेतली.

संध्याकाळी लाल. मंगळवारी त्याने खुंट्यांचा क्रम आपणहून लावून पाहिला. आठ सुटला, पण आजवर बरोबर येणारी सतरा उत्तरं बिघडली. बुधवारी पुन्हा शून्य. लाल खूण उमटली की ती उठून चहा टाकायची. बुधवारी चार वेळा टाकला.

गुरुवारी दुपारी मीटिंग भरली. पडद्यावर चौदा चौकटी, तिचा कॅमेरा नेहमीसारखा बंद.

"काय दादा, स्वतःचंच पोर ओळखेना होय?" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

"जुनं लिहिलेलं आहे रे. विसरलो."

"आणि चाळिसाव्या ओळीत हे 'खुंटी' काय आहे? बाकी सगळी नावं तर इंग्रजीत आहेत."

दादाने चाळिसावी ओळ उघडली.

"जमीन मोजताना ठोकतात ती," ती म्हणाली. "बदलायची राहून गेली, दादा."

तिने दुरुस्ती पाठवली. लाल खूण हिरवी झाली. तिथे प्रत्येक बदलाशेजारी दोन नावं दिसतात, लिहिणाऱ्याचं आणि आत पाठवणाऱ्याचं. दुसरं नाव तिचं होतं. पहिलं बाबांचं. मग तिने बाबांचा परत आलेला कोड आणि दादाचा कोड शेजारी शेजारी उघडून ठेवले. घाई केली नाही. सगळ्यांना ओळ अन् ओळ वाचू दिली.

दादाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"ठीक आहे," तो म्हणाला. "पण हा कोड आला त्या मीटिंगला तूही होतीस. सगळे माझी वाहवा करत होते, तू ऐकत होतीस. तेव्हा का नाही बोललीस? नुकते कोड आत पाठवायचे अधिकार मिळाले होते म्हणून?"

दादाला काय काय सुनावायचं ते तिने महिनाभर घोकलं होतं. त्यात ती मीटिंग कुठेच नव्हती.

तिने कॅमेरा चालू केला. पण ती पडद्याकडे बघत नव्हती. समोर, पेनांच्या डब्याला टेकवून, वर्तमानपत्राची फाटकी कड उभी होती.

"होते," ती म्हणाली.

तिने ती कड उचलून हातात घेतली.

"होते मी त्या मीटिंगला, बाबा."