इटलीत आपलं कोण आहे?

भाऊरावांनी भिंग खाली ठेवलं, अ‍ॅटलास मिटला आणि निकाल दिला, "असं गाव इटलीत नाही."

"आहे, भाऊजी. कास्तेलमोरा," कुंदा म्हणाली. "डोंगरात आहे. लहान आहे, म्हणून नकाशात नसेल."

"नकाशात नाही, अशा ठिकाणी तुम्ही दोघंच जाणार? ना टूर, ना ओळख?"

'ओळख' हा शब्द भाऊरावांनी असा उच्चारला, की त्यापुढे पासपोर्ट म्हणजे किरकोळ कागद वाटावा. कुंदाचा नवरा श्यामकांत विमा कंपनीत अधिकारी होता. हाताखाली चाळीस माणसं. पण थोरल्या भावासमोर तो फरश्या मोजत बसे. आताही मोजत होता.

भाऊरावांच्या मते जगाचे भाग दोनच. एक, जिथे आपली ओळख आहे. दुसरा, जिथे जायचं कारण नाही. लग्नानंतर कुंदा आणि श्यामकांतने महाबळेश्वरला हॉटेलात राहायचं ठरवलं. श्यामकांतने ते त्याच संध्याकाळी दादाला सांगितलं आणि चार दिवसांत भाऊरावांनी वाईला ओळख काढली. महाबळेश्वर तिथून हाकेवर, असं त्यांचं म्हणणं. एका वकिलांचं घर. माणसं अतिशय सज्जन. वकीलीणबाईंनी मायेने कुंदाला माजघरात आपल्या शेजारी झोपवलं. श्यामकांतची पथारी ओसरीवर पडली आणि वकिलांनी त्याला कूळकायदा पहिल्या कलमापासून समजावून सांगितला. पुढे बंगलोर झालं, दिल्ली झाली, काश्मीरही झालं. सगळीकडे ओळख होती. सगळीकडे बायका आत, पुरुष बाहेर.

यंदा लग्नाला पंचवीस वर्षं होत होती. मुलगी सासरी गेली होती, मुलगा होस्टेलवर होता. अंधेरीच्या लायब्ररीत परदेशी मासिकं चाळता चाळता कुंदाने ठरवलं. असं गाव, ज्याचं नाव कोणी ऐकलेलं नाही. एक खोली, माणसं दोन आणि दाराला आतून कडी. श्यामकांतला ते इतकं पटलं, की तो उठला आणि दादाला सांगून आला.

पुढचे दोन महिने सगळी धावपळ कुंदाने एकटीने केली. व्हिसा, तिकिटं, परकीय चलनाचे अर्ज. श्यामकांत ती बोट ठेवेल तिथे सही करत होता. एरवी मोजकं बोलणारी कुंदा आता भेटेल त्याला कास्तेलमोराबद्दल सांगत सुटली. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीचा विषय निघाला, तर तिने कास्तेलमोराची विहीर काढली. भाजीवालीलाही गावाचं नाव पाठ झालं. भाऊराव सगळं ऐकत होते आणि रोज संध्याकाळी कुठेतरी जात होते.

निघायला दहाबारा दिवस उरले असताना ते पेढे घेऊन आले.

"निघाली!" दारातूनच ते ओरडले. "ओळख निघाली!"

मागून त्यांची बायको मालन आली. अभिमानाने तिला धाप लागली होती. "अगं, किती हिंडले गं हे! रोज चर्चमध्ये जाऊन बसायचे. लोकांना वाटलं, बाटले!"

आय. सी. कॉलनीतल्या एका फादरचे जुने गुरू इटलीत होते. त्यांच्या बहिणीचा मठ थेट कास्तेलमोरात होता. तारा गेल्या, उत्तरं आली.

"कुंदा, तुझी सोय मठात, सिस्टर लोकांबरोबर," भाऊराव पेढा वाटत म्हणाले. "श्याम समोरच्या टेकडीवर, तिथल्या फादरच्या बंगल्यात. मध्ये दरी आहे, पण रविवारी प्रार्थनेला भेट होईल. एकदम झकास!"

श्यामकांतने आयुष्यात पहिल्यांदा दादासमोर मान वर केली. तोंडही उघडलं. तेवढ्यात कुंदा म्हणाली, "बरं झालं, भाऊजी. आता काळजी मिटली."

आणि तिने आणखी एक पेढा घेतला.

"वाट लागली," श्यामकांत गॅलरीत जाऊन कठड्याला म्हणाला. विमानतळावर पोचेपर्यंत तो कुंदाशी धड बोलला नाही.

सहारला निरोपाला अख्खं घर आलं होतं. भाऊरावांनी हार घातले, नारळ दिला आणि सिस्टर लोकांसाठी चकल्यांचा डबा दिला. तपासणी उरकून दोघं आत जाऊन बसले. काचेपलीकडे भाऊराव टाचा उंचावून हात हलवत होते.

"कुंदा," श्यामकांत म्हणाला, "मला टेकडीवर नाही गं झोपायचं."

कुंदाने डबा उघडला आणि एक चकली मोडली.

"अगं, त्या सिस्टर लोकांच्या आहेत!"

"त्यांना मी मागेच कळवलं. आभार मानले आणि येत नाही म्हणून सांगितलं. घ्या, खुसखुशीत झाल्यात."

"मग राहायचं कुठे?"

"खोलीत. कडी आतून आहे, आधी विचारून घेतलंय. खिडकी उघडली की समोर समुद्र."

"समुद्र? कास्तेलमोरा तर डोंगरात आहे ना?"

"असेल. तिथे भाऊजींची ओळख आहे. आपण कशाला जायचं?"

श्यामकांतला हसू फुटलं. ते आवरेना, तेव्हा त्याने हारात तोंड लपवलं.

"मग आपलं गाव कुठलं?"

कुंदाने काचेकडे पाहिलं. भाऊराव अजून तिथेच होते. तिने हसून त्यांना हात केला.

"विमान उडू दे," ती म्हणाली. "मग सांगते."