अब्बांचा घास

बर्गर समोर आला तसे कुरेशीसाहेबांनी दोन्ही हात टेबलाखाली घेतले.

तौसीफ अ‍ॅप्रनला हात पुसत तसाच उभा राहिला. हात कोरडे ठणठणीत होते, तरी पुसत होता. त्याच्या या टीचभर हॉटेलाचं ह्यूस्टनभर नाव झालं होतं. गोल पावात चपली कबाब, वर पुदिन्याची चटणी, बाजूला चाट मसाला मारलेल्या फ्राईज. गोरे, काळे, लाहोरचे, कराचीचे, सगळे रांग लावून खायचे. खात नव्हता तो एकच माणूस, आणि तो त्याचा बाप होता.

म्हातारा खाटीक. कराचीहून आल्यापासून हिलक्रॉफ्ट रस्त्यावर त्याचं दुकान. एकुलत्या एका मुलानं ते दुकान सोडलं, मार्सी नावाच्या गोऱ्या मुलीशी लग्न केलं आणि तिच्या जोडीनं हे असलं ना धड इकडचं ना तिकडचं विकायला लागला. तेव्हापासून अब्बांनी त्याच्याकडे पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. कुणी विषय काढला की उत्तर तयार असायचं: त्याच्याकडचं मांस हलाल कशावरून? मशिदीतले लोकही माना डोलवायचे. धर्माचीच बाब म्हटल्यावर कोण काय बोलणार?

आज तौसीफच्या थोरल्या बहिणीनं, नोशीननं, अब्बांना जवळजवळ ओढूनच आणलं होतं. मार्सी बिचारी डोक्यावर ओढणी घेऊन तव्यापाशी उभी होती. ओढणी घसरत होती, ती सावरत होती. कशाला एवढं करावं एखादीनं!

"अब्बा, एक घास," नोशीन म्हणाली. "माझ्यासाठी."

कुरेशीसाहेबांनी मुलाकडे पाहिलं. "हलाल आहे का?"

आसपासची गिऱ्हाइकं खायची थांबली. अहो, हे माणूस परक्या दुकानदाराला विचारतो. पोटच्या पोराला, तेही चारचौघांत? तौसीफचे कान लालबुंद झाले. उत्तर त्याच्यापाशी होतं, कित्येक वर्षं होतं. पण बापानं नुसत्या आपल्या शब्दावर खावं, या हट्टापायी त्यानं ते गिळून ठेवलं होतं. आज तो हट्टही संपला.

"तुमच्याच दुकानातलं आहे, अब्बा. रोज सकाळी एस्तेबान खिमा नेतो ना तुमच्याकडून, तो माझा माणूस आहे. पहिल्या दिवसापासून."

नोशीनला हसूच फुटलं. मार्सी तवा सोडून पुढे आली. आता म्हाताऱ्याची सुटका नव्हती. स्वतःच्या हातानं कापलेल्या मांसाला तो काय नावं ठेवणार?

कुरेशीसाहेबांनी एकदा बर्गरकडे पाहिलं. मग ताटली हळूच पुढे सरकवून उठले.

"उद्यापासून खिम्यासाठी दुसरं दुकान बघ," ते म्हणाले.