मिनिटाला एकशे बारा

नाणेघाटाकडच्या आमच्या वाडीत चौथीतली जया सगळ्यांत भराभर वाचते. शाळेत घड्याळ लावून मिनिटाला किती शब्द झाले ते मोजतात. जयाचे एकशे बारा झाले, तेव्हा टाळ्या पडल्या.

परवा जुन्नरच्या कचेरीतून जयाच्या घरच्या वनजमिनीच्या दाव्याचं पत्र आलं. तिच्या बापाने, भागूने, ते दुसऱ्या कुणाला दाखवलंच नाही. पोरीची शाळा सुटेपर्यंत उंबऱ्यावर बसून राहिला. जयाने आल्या आल्या बापाला मोबाइलमधलं घड्याळ चालू करायला लावलं आणि "उपरोक्त विषयान्वये"पासून साहेबाच्या सहीपर्यंत न अडखळता वाचून काढलं.

"मंग, जमीन ऱ्हायली का गेली गं?"



"ते नाय कळलं, बाबा. किती सेकंद झाले?"