कार्डावरचं नाव

"गिरणीमा तुले नवरानी जागा लागनी ना?" दुसऱ्या लग्नाचा पाट लागायच्या आधी निंबाने सुगंधाला एवढं एकच विचारलं.

"लागनी. दिवाळी झाई की हजर व्हनं शे," ती म्हणाली. बेबामावशीने पढवलं होतं, अगदी तसंच.

खरी गोष्ट निराळी होती. तिचा नवरा सुकदेव काविळीने गेला. कापडगिरणीने त्याची जागा घरच्या कोणालाही देऊ केली, तेव्हा सासऱ्याने धाकट्या अभिमनला पुढे केलं. आपल्यात सून गिरणीत जात नाही, म्हणाले. सुगंधाने मुकाट अंगठा दिला. जागा दिराला गेली आणि सुकदेवचं कामगार विम्याचं कार्ड बंद झालं.

त्या कार्डावर तिच्या पोरीचा जीव टांगलेला होता. कुंदाच्या काळजाला जन्मापासून भोक. ऑपरेशनला मुंबईला पाठवायचं विम्याच्या डॉक्टरांनी ठरवलं होतं, तेवढ्यात बापच गेला. विमा दवाखान्याच्या खिडकीतला माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या हातात काय होतं?

"काकाच्या कार्डावर पुतणी बसत नाही, बाई."

"मग कोणाच्या बसते?"

"बापाच्या. आणि बापाचं कार्ड चालू पाहिजे."

अडला हरी गाढवाचे पाय धरी. सुगंधाने धुळ्याच्या बेबामावशीचे धरले. मावशीने महिन्याभरात निंबाचं स्थळ काढलं. बिजवर, जळगावच्या तेलगिरणीत कायम, कार्ड चालू.

"पोरनं दुखनं आत्तेच सांगू नको," मावशीने बजावलं. "झाकली मूठ सव्वा लाखनी. आणि जागा लागनी म्हन. कमावती बाई कोनले नको?"

धुळ्यात मावशीच्या ओट्यावरच पाट लागला. निंबा दोघी मायलेकींना जळगावात मेहरूणला आपल्या खोलीवर घेऊन आला.

माणूस भला निघाला, हेच सुगंधाला जड गेलं. भोंगा झाला की डबा घेऊन निघायचा, संध्याकाळी येताना कुंदासाठी पेरू आणायचा. तेलगिरणीतला माणूस, पण सदऱ्यावर तेलाचा थेंब नाही. किती टापटीप, असं तिला कौतुक वाटे. खोलीकडच्या चढावर तो दोनदा थांबे, "ऊन लई शे" म्हणे. बिचारा राबून येतो आणि आपण त्याला फसवतो, या विचाराने ती त्याच्या डब्यात एक भाकरी जास्त बांधे. सोळा आणे खोटेपणा होता तो. पण पोरीकडे पाहिलं की तोंड उघडायचा धीर होईना. कळलं आणि हाकललं तर?

एका सकाळी हापशावर पाणी भरताना कुंदा खाली बसली ती उठेचना. ओठ जांभळे पडले होते. निंबाने डबा टाकून तिला उचलून घरात आणलं. पोरगी नीट श्वास घेऊ लागली, तेव्हा तोच उंबऱ्यावर बसून धापा टाकत होता.

आता लपवायला काही उरलं नव्हतं. सुगंधाने त्याचे पाय धरले.

"मी तुमले फसाडं. पोरना काळीजले भोक शे. ऑपरेशन नही व्हयनं तर ती वाचनार नही. तुमना कार्डसाठेच पाट लाया मी. मारा, झोडा, पन तिन्हं नाव चढाडा तुमना कार्डवर."

निंबाने तिचे हात पायांवरून सोडवले.

"मन्हं कार्ड बंद व्हयनं," तो म्हणाला. "पोळालेच कामवरथीन काढं माले. छाती खराब व्हयेल शे, पोतं उचलात नही."

"मंग रोज डबा लिसन कोठे जातस?"

"तलाववर बसस दिनभर. तुले कसं सांगू?"

तो खोकला. खोकला थांबेना, तेव्हा तिने पाणी दिलं. ते पिऊन त्याने तोंड पुसलं आणि प्रथमच तिच्याकडे नीट पाहिलं. बोलून टाकल्यामुळे त्याचा चेहरा हलका झाला होता.

"मी बी तुले फसाडं. मन्हा दवापानीसाठेच पाट लाया," तो म्हणाला. "पन तू रडू नको. दिवाळी झाई, तू गिरणीमा हजर व्हयनी का तुन्हं कार्ड व्हई ना? त्याम्हा पहिलं नाव कुंदानं चढाडू. मन्हं मांगेथीन."