स्तोयानचा अंगरखा

आमच्या कोरोश्काच्या गादीवर बसायचं, तर आधी माळावरच्या दगडावर बसावं लागतं. आणि त्या दगडावर स्तोयान बसलेला असतो. साधा शेतकरी, पण तो आपणहून उठल्याशिवाय कुणी ड्यूक होत नाही. हा मान त्याला बापाकडून आलेला.

त्या सकाळी दोन चुलतभाऊ आले, उल्रिक आणि लेओपोल्ड. दोघांच्या मागे घोडदळ, आणि मधे स्तोयानचं कापणीला आलेलं जवाचं शेत.

"ऊठ म्हाताऱ्या," उल्रिक म्हणाला.

"उठतो की. रिवाजाप्रमाणे माझा हा अंगरखा घाला. पण चिलखतावरून चालायचा नाही. ते आधी उतरवा."

"आणि तुलाच उडवला तर?"

"मग तुमच्यासाठी उठणार कोण?"

समोर दुसऱ्याचं सैन्य असताना चिलखत कोण उतरवणार? दुपारपर्यंत दोन्ही सैन्यं नदीपलीकडे पाठवावी लागली. मग दोघे भाऊ नुसत्या सदऱ्यात गवतावर बसले. आधी भांडले, मग बोलले, आणि उन्हं कलताना लेओपोल्डनेच उल्रिकला पुढे केलं. स्तोयान उठला.

जवाचं एक कणीसही मोडलं नव्हतं.

घरी बायकोने, नेझाने, त्याच्यापुढे लापशी ठेवली. "अहो, मामंजींनी तर मागच्या ड्यूकच्या चिलखतावरूनच अंगरखा चढवला होता. मी होते ना तिथे."

"हो," स्तोयान म्हणाला, "पण तेव्हा एकच जण आला होता."