हीटरमागची पानं

"पानं हिरवी आहेत तरी गळताहेत," नर्सरीवाली म्हणाली. "पाणी जास्त झालं असतं तर आधी पिवळी पडली असती."

खिडकीजवळच्या टेबलावरचं हे फायकसचं बोन्साय आप्पांच्या बायकोनं वाढवलेलं. शेवटी शेवटी तिला नवऱ्याचं नावही आठवत नसे, पण झाडाला पाणी घालायला ती विसरली नाही. ती गेल्यावर घरात जितीजागती दोघंच उरली, एक मी आणि एक हे, असं आप्पा गमतीनं म्हणत. ऐकायला कुणी नसे, ही गोष्ट वेगळी.

नर्सरीवालीनं माती चाचपली, पानांच्या पाठी निरखल्या, खिडकीच्या फटीला हात लावून पाहिला. कीड नव्हती, गार वारा नव्हता. मग ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेली, वाकली आणि हीटरमागून मूठभर पानं काढली.

"काका, झाड तिकडे आणि पानं इकडे. चालत आली की काय?"

आप्पांना हसू आलं नाही.

"ह्याला जागा बदललेली अजिबात खपत नाही," ती म्हणाली. "त्यात ही थंडी. कुणीतरी ह्याला रोज गरम हवेत आणून ठेवतंय आणि परत नेतंय. घरात अजून कोण असतं?"

"मी एकटाच."

ती जरा घुटमळली. "मग तुम्हीच हलवत असाल, काका. वय झालं की नाही राहत लक्षात."

ती सहज बोलून गेली. बायकोचंही असंच सुरू झालं होतं. आधी चष्मा फ्रीजमध्ये, मग चपला कपाटात. तिचं सगळं करायला ते होते. त्यांचं कोण करणार?

मुलगा होता, तोही ह्याच शहरात. घराची एक किल्लीही त्याच्याकडे होती. पण त्याला कामातून मान वर करायला फुरसत नसे. "सकाळी टाय लावून जातात ते रात्रीच उगवतात," असं सून सांगे. महिनोन्महिने त्याचं तोंड दिसत नसे. फोन मात्र तो रोज न चुकता करी.

"आप्पा, कुठं आहात?"

"वाचनालयात. आणखी कुठं जाणार?"

"बसा निवांत. ऊब आहे तिथं. घरी जायची घाई करू नका."

एवढंच बोलणं. पण पोराला आपली काळजी आहे, ह्या एका गोष्टीवर आप्पांचा दिवस निघे.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात जाण्याआधी त्यांनी कुंडीभोवती टेबलावर पेन्सिलीनं रेघ मारली. संध्याकाळी परतले तर कुंडी रेघेच्या बाहेर. हीटरला हात लावला, तो कोमट होता. म्हणजे जाताना आपणच तो चालू केला, आपणच बंद केला, झाड नेलं आणि आणलं, आणि ह्यातलं काहीच आठवत नाही.

रात्रभर विचार करून त्यांनी ठरवलं, मुलाला सांगायचं. जे असेल ते असेल.

वाचनालयात त्या दिवशी एक ओळ डोक्यात शिरेना. जेवणाची वेळ व्हायच्या आतच ते उठले आणि घरी आले. दारापाशी पोचल्यावर मात्र पाय थबकले. आत त्या सामसूम घरात बसून हे बोलायचा धीर आपल्याला होणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून लॅचला किल्ली न लावता त्यांनी तिथूनच फोन लावला.

"आप्पा, मीटिंग चालू आहे, नंतर बोलतो," मुलगा घाईघाईनं म्हणाला, फोनमध्ये आणि बंद दाराच्या आतही.