वहिनींच्या चादरी आणि वीस मीटर तार

जगभरच्या हौशी लोकांशी बोलायच्या माझ्या हॅम रेडिओसाठी सोसायटीने एकच तार बांधू दिली, तीही खालून दिसता कामा नये या अटीवर. म्हणून चार बँडवर, म्हणजे लहरींच्या चार पट्ट्यांवर, चालेल अशी वीस मीटरची अँटेना निवडली आणि गच्चीवर टाकीपासून जिन्याच्या खोलीपर्यंत पुरुषभर उंचीवर ताणली. पण सकाळी घरात रेडिओ लावला, की त्याच्यावरचा मीटर म्हणे तार लांब आहे. तीन दिवस मी संध्याकाळी गच्चीवर जाऊन ती वीतवीत कापत गेलो. टेलिफोन खात्यात जन्मभर तारा जोडल्या, असा हरलो नव्हतो.

चौथ्या दिवशी रेडिओच गच्चीवर नेला. तारेवर शेजारच्या कुडाळकर वहिनींच्या ओल्या चादरी. त्यांच्या ओलीमुळेच मीटरला तार लांब वाटत होती.

"वहिनी, ही कपड्यांची दोरी नाही. हिच्यावरून मी बोलतो."

"कोणाशी?" चादरी काढता काढता त्यांनी विचारलं.

कापलेले तुकडे पुन्हा जोडले आणि रेडिओवर हाक दिली. खरखरीतून एक म्हातारा आवाज आला. न्यूझीलंडचा मेंढपाळ. तो बोलत होता ते मी वहिनींना सांगत गेलो. तिकडे संध्याकाळ झाली आहे, दिवसभर छान ऊन होतं, आता तो दोरीवरचे कपडे काढायला निघाला आहे.

आमच्याकडे सकाळचे दहा वाजले होते. वहिनी ओली चादर हातात धरून उभ्याच राहिल्या.

"एवढ्याशा तारेतून?"

मी रेडिओ बंद केला. त्यांनी चादर कठड्यावर टाकली, पदर हातात घेतला आणि टाकीपासून सुरुवात करून ती तार शेवटपर्यंत पुसून काढली.